उद्याचे भय आणि वसईचे तह



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी चांदीपला या व्याख्यानमालेसाठी जमता, त्या गुरुजींना वर्तमानपत्रातले परदेशच्या बातम्यांचे पान आधी वाचायची सवय होती, असे मला इथे आल्यावर कळले. त्यामुळे विषयाबद्दलचा माझा उरलासुरला संकोच गेला. आंतरराष्ट्रीय संबंधांचे शास्त्र भविष्याचा विचार कसा करते, हा आजचा विषय आहे. तो ऐकताना दिल्ली, वॉशिंग्टन, बीजिंग ही नावे डोळ्यांपुढे येतात. मला मात्र तो वसई तालुक्यातूनच मांडायचा आहे. कारण ज्या वसईच्या नावाने आपला तालुका ओळखला जातो, तिथे उद्याच्या भीतीपोटी दोन तह झाले. एक १५३४ साली आणि दुसरा १८०२ साली. दोन्ही तहांनी या देशाचा नकाशा बदलला.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. राज्ये आणि राष्ट्रे उद्या प्रत्यक्षात काय घडणार आहे त्यावरून वागत नाहीत, कारण ते कुणालाच ठाऊक नसते. ती वागतात उद्याबद्दल आज मनात जी भीती किंवा जी खात्री असते तिच्यावरून. या शास्त्राने केलेली भाकिते बऱ्याचदा फसली. पण उद्याची भीती आजच्या निर्णयात कशी शिरते, याचा त्याने केलेला उलगडा फार मोलाचा आहे.

१८०२ च्या तहापासून सुरुवात करू. शाळेत आपण तो एका ओळीत शिकतो : दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौज स्वीकारली आणि मराठ्यांचे स्वातंत्र्य गेले. ओळ खरी आहे. पण तिच्यात एक प्रश्न गडप होतो. बाजीरावाला दुसरा मार्ग दिसत का नव्हता?

१३ मार्च १८०० रोजी नाना फडणवीस गेले. शिंदे आणि होळकर यांच्यातले वैर पुण्याच्या दारापर्यंत आलेले होते. एप्रिल १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांचे भाऊ विठोजी पुण्यात पकडले गेले आणि बाजीरावाच्या हुकुमाने त्यांना हत्तीच्या पायी देण्यात आले. यशवंतराव दक्षिणेत उतरले ते ही आग घेऊन. २५ ऑक्टोबर १८०२ ला, ऐन दिवाळीत, हडपसरजवळ त्यांनी शिंदे-पेशव्यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरला. महाड, सुवर्णदुर्ग, रेवदंडा करत डिसेंबरच्या मध्यास इंग्रजांच्या जहाजाने तो वसईला पोहोचला. इंग्रज रेसिडेंट बॅरी क्लोज तिथे आला आणि ३१ डिसेंबर १८०२ ला तह झाला.

आता दुसरी बाजू पाहा. होळकरांनी पुणे जिंकल्याबरोबर पेशवाई बुडवली नाही. बाजीरावाने परत यावे म्हणून निरोप गेले. तो येत नाही असे दिसल्यावर बाजीरावाचे दत्तक भाऊ अमृतराव यांच्या मुलाला, विनायकरावाला, गादीवर बसवण्याचा घाट घातला गेला. म्हणजे समेटाला जागा होती. पण बाजीरावाने आपल्या हुकुमाने ज्याच्या भावाला तसे मारले होते, त्या माणसाच्या शब्दावर त्याने विसंबावे तरी कसे? ‘आज तुला इजा करणार नाही’ हे होळकर पटवून देऊ शकत होते. ‘पुढच्या वर्षी, तू पुन्हा माझ्या हातात असताना, तेव्हाही करणार नाही’ हे पटवून देण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते. तसे साधन तेव्हाच्या मराठी राज्यात उरलेच नव्हते. छत्रपतींच्या शब्दाला वजन असते, किंवा नानांसारखा मध्यस्थ हयात असता, तर गोष्ट वेगळी.

१९९५ साली जेम्स फिअरन या अमेरिकी अभ्यासकाने एक गाजलेला निबंध लिहिला. युद्धात दोन्ही बाजूंचे नुकसान होते हे दोघांनाही कळत असते, तरी युद्धे का होतात, हा त्याचा प्रश्न. त्याने दिलेल्या उत्तरांपैकी एक असे : दोघांना मान्य होईल अशी तडजोड आज कागदावर असते, पण उद्या बळ वाढल्यावर समोरचा ती पाळेल याची हमी देणारा कुणी नसतो. राज्याच्या आत कोर्ट असते, पोलीस असतात. राज्याराज्यांच्या वर तसे कुणी नाही. म्हणून आजचा चांगला करारही उद्याच्या भयाने मोडतो. फिअरनने पुण्याचा विचार केला असेल असे मला वाटत नाही. पण हडपसरनंतरचे दोन महिने त्याच्या सिद्धान्ताने जितके उलगडतात, तितके ‘बाजीराव भित्रा होता’ या वाक्याने उलगडत नाहीत. दोन मराठी सत्ताधारी एकमेकांना उद्याची हमी देऊ शकले नाहीत, तेव्हा ती हमी विकायला तिसरा तयार होता.

किंमतही ठरली. सहा पलटणींपेक्षा कमी नाही एवढी फौज कायमची ठेवून घ्यायची. तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपीयाला चाकरीत ठेवायचे नाही. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या तंट्यांत कंपनीचा निवाडा मानायचा. दुसऱ्या कुठल्याही सत्तेशी कंपनीला विचारल्याशिवाय बोलायचे नाही. हा तह कायमचा असल्याचे त्याच्या नावातच लिहिले होते. तो पंधरा वर्षेही धड टिकला नाही. जून १८१७ मध्ये पुण्याच्या तहाने आणखी जाचक अटी लादल्या गेल्या आणि जून १८१८ मध्ये बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला. ज्या होळकरांच्या भीतीने हे सारे केले, ते तर इंग्रज सेनापती आर्थर वेल्स्ली एप्रिल १८०३ मध्ये पुण्यात पोहोचण्यापूर्वीच पुण्यातून निघून गेलेले होते.

हीच गोष्ट १५३४ ची आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशाह पोर्तुगीजांशी समुद्रात झुंजत होता आणि उत्तरेकडून हुमायूनची फौज येणार अशी चिन्हे होती. दोन आघाड्या सांभाळणे शक्य नाही असे पाहून त्याने डिसेंबर १५३४ मध्ये वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटे पोर्तुगीजांना देऊन टाकली. पुढच्याच वर्षी हुमायूनने त्याचा पराभव केला, तेव्हा दीवला किल्ला बांधण्याची परवानगीही द्यावी लागली. १५३६ मध्ये हुमायून परत फिरला. १५३७ मध्ये दीवच्या समुद्रात पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत बहादूरशाह मारला गेला. पोर्तुगीज वसईत राहिले ते १७३९ पर्यंत.

दोन्ही तह शेजारी ठेवून पाहिले की मला एक विलक्षण साम्य दिसते. ज्या संकटापासून पळायचे होते ते दोन्ही वेळा अल्पजीवी निघाले. हुमायून दोन वर्षांत गेला, होळकर काही महिन्यांत. त्यावर केलेला उपाय मात्र एकदा २०५ वर्षे टिकला आणि दुसऱ्यांदा राज्य घेऊन गेला. जवळचा धोका मोठा दिसतो आणि दूरचा धुक्यात असतो. स्टीफन वॉल्ट या अभ्यासकाने १९८७ मध्ये दाखवले की राष्ट्रे मित्र निवडताना नुसते बळ तोलत नाहीत. कोण जवळ आहे, कुणाचा हेतू वाईट दिसतो, हेही तोलतात. वसईतले दोन्ही तह या नियमात बसतात. पण वॉल्टचा नियम इथे थांबतो. निवडलेला मित्र धोका सरल्यावर परत जाईल का, हा प्रश्न बहादूरशाहानेही विचारला नाही आणि बाजीरावानेही नाही.

इथे कुणी म्हणेल, हे मागाहून सुचलेले शहाणपण आहे. इंग्रज सगळे गिळणार होतेच, तह काय आणि न तह काय. या ‘होतेच’ या शब्दाशी माझे भांडण आहे. तहाच्या वेळी खुद्द इंग्रजांना तसे वाटत नव्हते. लंडनमध्ये हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष कॅसलरे याने वसईच्या तहावर आक्षेप घेतले. मराठ्यांच्या न संपणाऱ्या भांडणांत आपण विनाकारण गुंततो आहोत, अशी त्याची काळजी होती. त्याला आर्थर वेल्स्लीने सविस्तर उत्तर लिहिले : तह केला नसता तर काय झाले असते, होळकर पुण्यात बळावले असते तर पुढे काय, शिंदे काय करते. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा सेनापती मराठी राजकारणाच्या न घडलेल्या वाटा एकेक करून तपासत होता. त्याच्या निष्कर्षात त्याचा स्वार्थ होता हे उघड आहे. पण जेत्यांच्या मनातही तेव्हा अनेक उद्या होते. आपण मात्र शाळेत एकच शिकलो.

आता थोडे या शास्त्राबद्दल. विद्यापीठातल्या त्याच्या पहिल्या अध्यासनाचा मान १९१९ साली वेल्समधल्या ॲबरिस्टविथला मिळाला. महायुद्धाने होरपळलेल्या लोकांना ‘पुन्हा असे होऊ नये’ यासाठी हे शास्त्र हवे होते. म्हणजे जन्मापासूनच त्याचे डोळे उद्यावर होते. वीस वर्षांनी त्याच अध्यासनावर बसलेल्या ई. एच. कार यांनी १९३९ मध्ये ‘द ट्वेंटी इयर्स क्रायसिस’ लिहून या आशावादाला झोडपले. सदिच्छेने जग चालत नाही, बळ पाहा, असे त्यांचे सांगणे. पण बळाचा एवढा जाणकार माणूस हिटलरशी झालेल्या म्युनिक कराराची पहिल्या आवृत्तीत भलामण करून बसला होता. १९४६ च्या आवृत्तीतून त्यांनी त्यातला काही मजकूर काढून टाकला. बळ कुठे आहे हे दिसणे आणि ते उद्या काय करील हे दिसणे, या दोन वेगळ्या दृष्टी आहेत.

सगळ्यात मोठी नामुष्की १९८९ ची. ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत पडली, १९९१ च्या डिसेंबरमध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला, आणि चाळीस वर्षे दोन महासत्तांचा अभ्यास करणाऱ्या कुठल्याही मोठ्या सिद्धान्ताने हे असे, इतक्या शांतपणे होईल म्हणून सांगितले नव्हते. इतिहासकार जॉन लुईस गॅडिस यांनी त्यानंतर या शास्त्राचे जाहीर लेखापरीक्षण केले आणि तीनही प्रमुख पद्धती नापास ठरवल्या. दोन महासत्तांची रचना स्थिर मानणाऱ्या केनेथ वॉल्ट्झ यांच्या अनुयायांचा बचाव असा की आमचा सिद्धान्त रचना सांगतो, तारखा सांगत नाही. बचावात तथ्य आहे. पण ज्या रचनेला स्थिर म्हटले तीच कोसळली, हे त्याने झाकले जात नाही. त्याच सुमारास नवी भाकिते आली. फ्रान्सिस फुकुयामांना उदारमतवादी लोकशाहीचा अंतिम विजय दिसला. जॉन मिअरशायमर यांना पश्चिम युरोपातही पुन्हा जुनी वैरे उफाळताना आणि जर्मनी अण्वस्त्रांकडे वळताना दिसला. पश्चिम युरोपात तसे काही झाले नाही. पण त्याच मिअरशायमरनी १९९३ मध्ये युक्रेनने आपल्या भूमीवरची अण्वस्त्रे सोडू नयेत असे लिहिले होते. युक्रेनने ती सोडली. बदल्यात ५ डिसेंबर १९९४ ला बुडापेस्टमध्ये रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा आदर करण्याची लेखी ग्वाही दिली. २०१४ मध्ये क्रिमिया गेला, २०२२ मध्ये रणगाडे आले. उद्याची हमी कुणी द्यायची, हा प्रश्न पुण्याच्या तख्तापुढे होता तोच कीव्हपुढे उभा राहिला.

अलेक्झांडर वेंट यांची तर दोन टोके आहेत. १९९२ मध्ये त्यांनी ठासून सांगितले की राष्ट्रांमधली बेबंदी ही निसर्गाची देणगी नाही, राष्ट्रेच तिला घडवतात. शत्रुत्व शिकता येते तशी मैत्रीही शिकता येते. या एका विचाराने भविष्य मोकळे केले. २००३ मध्ये त्यांनीच जगाचे एक राज्य होणे अटळ आहे, शे-दोनशे वर्षांत होईल, असा निबंध लिहिला. मला पहिले वेंट पटतात. अटळ म्हटले की माणसाच्या हातातले काम सुटते, मग ते शुभ असो की अशुभ.

फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञाने तर हा प्रश्न मोजायलाच घेतला. २८४ तज्ज्ञांची राजकीय भाकिते त्याने सुमारे वीस वर्षे जमवली आणि २००५ मध्ये निकाल छापला. तज्ज्ञांची कामगिरी अगदी साध्या ठोकताळ्यांपेक्षा फारशी वरचढ नव्हती. त्यातही एकाच मोठ्या कल्पनेने सगळे जग समजावणारे सर्वांत जास्त चुकले. अनेक बाजूंनी पाहणारे, मत बदलायला तयार असणारे त्या मानाने बरे ठरले. दूरदर्शनवर ठणकावून बोलणारे कोणत्या गटात मोडतात, ते तुम्ही ओळखालच.

मग करायचे काय? २००० साली बर्नस्टाइन, लेबो, स्टाइन आणि वेबर या चौघांनी एकत्र लिहून एक वाट सुचवली. भाकित सोडा, पर्यायी उद्यांची चित्रे रंगवा. आज कोणत्या शक्ती काम करत आहेत ते मांडा, त्यांच्या निरनिराळ्या जोडण्यांतून तीन-चार वेगवेगळे उद्या रचा, आणि आपण कोणत्या वाटेला लागलो आहोत हे कळवणारी चिन्हे आधीच ठरवून ठेवा. शेल या तेलकंपनीत पिअर वाक यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच केले होते. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा त्या कंपनीने हा उद्या निदान कागदावर तरी आधी पाहिला होता.

ही पद्धत वाचताना मला रामचंद्रपंत अमात्य आठवतात. १७१५-१६ च्या सुमारास कोल्हापूर दरबारात सिद्ध झालेल्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी एक उतारा आहे. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसिस हे इतर सावकारांसारखे नाहीत, यांच्या पाठीशी राज्ये आहेत आणि यांना जमिनीची हाव आहे, हे अमात्य आधी सांगतात. मग उपाय सांगतात. यांना वखारीला जागा द्यायचीच झाली तर समुद्राच्या तोंडाशी, खाडीकाठी देऊ नये. आत मोठ्या गावांच्या मध्ये, आपल्या नजरेखाली द्यावी. किल्ला बांधू देऊ नये. कारण यांचे बळ आरमारात आणि तोफा-दारूगोळ्यात आहे, बंदराशी जागा मिळाली की ते दोन्ही जोडले जाईल. इंग्रज शंभर वर्षांनी पुणे घेतील असे भाकित इथे कुठेही नाही. जे आहे ते ‘अमुक झाले तर तमुक होईल, म्हणून हे टाळा’ अशा घाटाचे. आपल्या भाषेतला आंतरराष्ट्रीय राजकारणाचा इतका स्वच्छ मजकूर राज्यशास्त्राच्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने वाचायला हवा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आज्ञापत्राच्या पन्नास वर्षे आधी गोव्याच्या पोर्तुगीज व्हॉइसरॉयनेही पुढचे पाहिले होते. पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्रजांच्या राजाला आंदण गेली होती आणि ती हवाली करण्याची वेळ अंतोनियो दि मेलो दि कास्त्रो याच्यावर आली. जानेवारी १६६५ मध्ये त्याने आपल्या राजाला लिहिले की इंग्रज मुंबईत बसतील त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून जाईल. मुंबईचे मोल त्याने बरोबर ओळखले. पण वसई पोर्तुगीजांच्या हातून काढून घेतली ती मराठ्यांनी, आणि पोर्तुगीज मदतीसाठी मुंबईकडे पाहत राहिले. एका खऱ्या धोक्यावर डोळे खिळले की दुसऱ्याकडे पाठ होते. चांगल्या भाकितालाही अशी किंमत असते.

मराठ्यांची १७३९ ची वसईची मोहीम तुम्हाला मी काय सांगणार. वज्रेश्वरीच्या देवळाशी मोहिमेचे सेनापती चिमाजी अप्पा यांच्या नवसाची परंपरा जोडलेली आहे आणि तिकडे जाणारा रस्ता याच भागातून जातो. त्या मोहिमेतला एकच धागा मला उचलायचा आहे. जानेवारीत तारापूर घेतले, तिथे बाजी भिवराव कामी आले. फेब्रुवारीत वसईला मोर्चे लागले. त्याच महिन्यात कर्नालला नादिरशहाने मुघल फौज मोडली आणि मार्चमध्ये दिल्लीत कत्तल झाली. नादिरशहा आता नर्मदेकडे येणार, हा तेव्हाचा सर्वांत मोठा उद्या होता. तेव्हाचे पेशवे थोरले बाजीराव यांनी दक्षिणेची सगळी शक्ती, हिंदू-मुसलमान न पाहता, एकवटून त्याला उत्तरेतच अडवायचा विचार मांडला. त्यासाठी वसईतली फौज मोकळी व्हायला हवी होती. म्हणून वेढा उठवायचा की सुरुंग लावून झटपट निकाल लावायचा, असा पेच होता. चिमाजींनी निकाल लावला. मे महिन्यात किल्ला खाली झाला. शरण आलेल्यांना मानाने जाऊ दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. नादिरशहा त्याच महिन्यात दिल्लीहून इराणकडे वळला. दक्षिणेत तो कधी आलाच नाही. जे संकट आले नाही त्याच्या छायेत वसईचा वेढा लढला गेला. असे उद्या इतिहासाच्या पुस्तकात नोंदले जात नाहीत, कारण ते घडलेले नसतात. पण माणसे मरतात ती त्यांच्यामुळेही.

शरणागतीच्या त्या अटींकडे पुन्हा पाहा. विजयाच्या क्षणी जिंकणारा उदार का झाला? चिमाजींचा स्वभाव होताच. पण ज्यांच्यावर उद्या राज्य करायचे, त्यांचा विश्वास आज लागतो. रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८४ मध्ये सहकार्यावरच्या आपल्या पुस्तकात हेच दाखवले : ज्याच्याशी पुन्हा गाठ पडणार हे नक्की असते, त्याच्याशी माणूस आज नीट वागतो. भविष्याची छाया जितकी लांब, तितके सहकार्य सोपे. म्हणजे फिअरनचा उद्या करार मोडतो आणि ॲक्सेलरॉडचा उद्या करार टिकवतो. दोन्ही खरे आहेत. कोणता उद्या कुठे लागू होतो हे ओळखणे, यातच या शास्त्राची कसोटी आहे.

त्याचे आजचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. ऑगस्ट १९६३ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात तीस वर्षांचा करार झाला. अमेरिकेने तारापूरला अणुवीजकेंद्र उभारायला मदत करायची आणि त्याला लागणारे समृद्ध युरेनियम पुरवायचे. १९६९ पासून देशातली पहिली अणुवीज तिथून मिळू लागली. १९७४ मध्ये पोखरणचा स्फोट झाला. त्यातले प्लुटोनियम तारापूरचे नव्हते, तुर्भ्याच्या सायरस भट्टीतले होते. तरीही १९७८ मध्ये अमेरिकेने कायदा केला आणि जुन्या करारांना नव्या अटी लावल्या. १९८० मध्ये ३८ टन इंधन पाठवण्याला सेनेटची परवानगी मिळाली ती ४८ विरुद्ध ४६ मतांनी. त्यानंतर पुरवठा थांबला. १९८२ मध्ये फ्रान्स पुढे आला, नव्वदीत चीनने इंधन दिले, नंतर रशियाने. तीस वर्षांची हमी निम्म्यातच विरली, आणि तीही शत्रूने नव्हे, एका लोकशाही देशाच्या संसदेने नवा कायदा करून.

तरी भारताचा दुसरा बाजीराव झाला नाही. का? कारण होमी भाभांनी सुरुवातीपासून सगळे एकाच उद्यावर लावले नव्हते. समृद्ध युरेनियम बाहेरून आणावे लागते, म्हणून मुख्य वाट नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्याची ठेवली होती. राजस्थानच्या केंद्रातून १९७४ नंतर कॅनडाने अंग काढून घेतले, तेव्हा दुसरी भट्टी आपल्या लोकांनी पुरी केली. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या, याच स्वदेशी वाटेवरच्या आहेत. म्हणजे एकाच आवारात परक्याच्या वचनावर उभारलेल्या भट्ट्या आहेत आणि ते वचन मोडले तर काय, याचे उत्तर असलेल्या भट्ट्याही. अनेक भविष्यांचा विचार करून बांधलेली याहून चांगली वास्तू मला महाराष्ट्रात दाखवता येणार नाही. मात्र त्या नव्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्या गावकऱ्यांचा उद्या कोणत्या कागदावर रंगवला गेला होता, हा प्रश्न अजून उभा आहे.

आणि तारापूरसारख्या केंद्रांचे रक्षण कोण करते? सैन्य तर आहेच. पण एक करारही आहे. डिसेंबर १९८८ मध्ये भारत आणि पाकिस्तानने ठरवले की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही आणि दर १ जानेवारीला अशा ठिकाणांच्या याद्या एकमेकांना द्यायच्या. १९९२ पासून याद्या जात आहेत. कारगिल झाले, संसदेवरचा हल्ला झाला, पुलवामा झाले, तरी याद्या गेल्या. पुढचा जानेवारी येणारच आहे आणि आपली यादी त्यांच्याजवळ, त्यांची आपल्याजवळ असणार आहे, यामुळे. २००८ च्या आणखी एका समझोत्यानुसार जानेवारी आणि जुलैमध्ये एकमेकांच्या तुरुंगातल्या कैद्यांच्याही याद्या दिल्या जातात. त्यांत मच्छीमार असतात. डहाणू-तलासरीकडचे खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात, पाण्यात रेघ ओढलेली नसते, आणि माणूस कराचीच्या तुरुंगात पोहोचतो. यादीत नाव आले म्हणजे सुटका झाली असे नाही, शिक्षा संपूनही लोक अडकून पडतात. पण घरच्यांना माणूस जिवंत आहे हे त्या यादीवरून कळते. मोठ्या सिद्धान्तांच्या पुस्तकांत या याद्यांना क्वचित जागा मिळते. माझ्या लेखी त्या फार मोठ्या आहेत.

शेवटी वाढवण बंदराविषयी बोलल्याशिवाय मला थांबता येणार नाही. जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने डहाणूजवळच्या या बंदराला ७६,२२० कोटी रुपयांची मंजुरी दिली, ऑगस्टमध्ये पालघरला पायाभरणी झाली. त्याच्या समर्थनात सांगितला जाणारा एक उद्या म्हणजे भारतातून आखातामार्गे युरोपला जाणारा व्यापारमार्ग. तो सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० बैठकीत जाहीर झाला. महिनाभरात, ७ ऑक्टोबरला, इस्रायलवर हल्ला झाला, गाझात युद्ध पेटले आणि ज्या प्रदेशातून हा मार्ग जायचा तोच अशांत झाला. पुढे लाल समुद्रातली जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. यावरून बंदर नको असा निष्कर्ष मी काढत नाही. पण या बंदराचे तीन-चार वेगवेगळे उद्या कुणी लिहून काढले आहेत का? मार्ग झाला तर काय, रखडला तर काय, चीनशी व्यापार घटला तर काय, समुद्राची पातळी वाढली तर काय? आणि प्रत्येक चित्रात साचे घडवणारे डायमेकर, कोळी, शेतकरी, वारली पाड्यांवरचे लोक कुठे आहेत?

माझी आयोजकांना विनंती आहे. पुढच्या वर्षी एकट्या वक्त्याचे व्याख्यान ठेवण्याऐवजी दोन दिवसांची बैठक घ्या. वसई-विरारच्या महाविद्यालयांतले राज्यशास्त्राचे विद्यार्थी, डहाणू-सातपाटीचे मच्छीमार, अक्करपट्टी-पोफरणचे विस्थापित आणि बंदराच्या बाजूने बोलणारे एखादे अधिकारी, यांना एका टेबलाशी बसवा. १८०२ च्या तहाची कलमे आणि आज्ञापत्रातला टोपीकरांचा उतारा आधी वाचायला द्या. मग २०५० चा पालघर जिल्हा चार वेगळ्या तऱ्हांनी लिहायला सांगा, आणि प्रत्येक तऱ्हेखाली तिची तीन चिन्हे लिहायला सांगा. वेल्स्लीने ते काम आपल्या बाजूने केले होते, आपण आपल्या बाजूने करू. त्या बैठकीला यायला मी तयार आहे.

आता तुमचे प्रश्न ऐकायचे आहेत.